गुरुवारचा मोठा राउंड

४ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी एका औषधकंपनीने भेट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या आम्लपित्तावरच्या गोळीचे नाव हिरव्या अक्षरांत छापले आहे. महिनाभर ती खणात पडून होती. फुकटच्या वस्तूंचा माझ्या मतांवर काडीचाही परिणाम होत नाही, म्हणून वापरायला काढली.

लिहिण्याचे निमित्त असे की आज डीनसाहेबांनी बोलावले. अठ्ठावीस तारखेला तपासणी समिती येते आहे. समितीने आगाऊ पाठवलेल्या तक्त्यात एक रकाना आहे, ‘पुराव्यावर आधारित उपचार शिकवण्याची व्यवस्था’.

“आपल्याकडे काय आहे?” त्यांनी विचारले.

“आपल्याकडे मी आहे. पंचवीस वर्षं आहे.”

“तुम्ही रकान्यात बसत नाही हो. काहीतरी नाव असलेलं सांगा.”

अखेर ठरले की माझ्या युनिटात दर गुरुवारी दहा ते बारा जर्नल क्लब भरवायचा. एका शिकाऊ डॉक्टराने एखादा शोधनिबंध वाचून दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. माणसे किती घेतली, कशी निवडली, निष्कर्ष पुराव्यातून निघतो की लेखकाच्या इच्छेतून. मला कल्पना मनापासून आवडली. लहानपणी चार वर्षे मी संस्कृत पाठशाळेत काढली आहेत. तिथे आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नीट सांगायचे, आणि मगच खंडनाला तोंड उघडायचे. डॉक्टरी पेशात आल्यापासून खंडने पुष्कळ ऐकली. पूर्वपक्ष मांडण्याइतका वेळ कुणापाशी असलेला पाहिला नाही.

अडचण वेळेची होती. सगळे शिकाऊ एका जागी सापडतात ते फक्त गुरुवारी सकाळी, माझ्या मोठ्या राउंडला. तेव्हा समिती येऊन जाईपर्यंत मोठा राउंड बंद. चार गुरुवारांचा तर प्रश्न आहे. रोजचा छोटा राउंड मुले घेतातच.

५ फेब्रुवारी, मंगळवार

वॉर्डात जाहीर केले. मंडळींची नोंद करून ठेवतो. सर्वांत थोरला शिकाऊ म्हणजे होसर. माझे वाक्य संपण्यापूर्वीच त्याचे ‘हो सर’ येऊन पोचते, म्हणून हे नाव मी मनातल्या मनात ठेवले आहे. दुसरा आकडेबहाद्दर. रुग्णाचे नाव विसरतो, पण टक्केवारी दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत पाठ. तिसरी पहिल्या वर्षाची मुलगी, प्रश्नचिन्ह. ती बोलत नसली तरी भुवया विचारत असतात.

तिघांनाही क्लब आवडला. मोठ्या सिस्टर मात्र औषधांची कपाटे लावता लावता म्हणाल्या, “मग सर, गुरुवारचं काय?”

“गुरुवारी क्लब.”

“ते कळलं. सह्यांचं काय?”

“सह्या काय पळून जातात? होतील.”

“बरं,” म्हणाल्या. बावीस वर्षे या वॉर्डात आहेत. त्यांच्या ‘बरं’चा अर्थ लावायला एखादा भाष्यकारच नेमावा लागेल.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला क्लब. विषय हात धुण्याचा. हात धुतल्याने वॉर्डातला संसर्ग कमी होतो असे निबंधाचे म्हणणे. आकडेबहाद्दराने दीड तास निबंधाच्या चिंध्या केल्या. कोण हात धुतो हे मोजणारा माणूस समोर उभा असल्यामुळेच लोक हात धूत होते, हा त्याचा मुद्दा तर लाजवाब. शेवटी सर्वानुमते ठरले की या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. टाळ्या झाल्या. बिस्किटे चांगली होती.

प्रश्नचिन्ह म्हणाली, “सर, मग उद्यापासून वॉर्डात काय बदलायचं?”

मी सांगितले, आधी वाचायला शिका, बदलायचे मग पाहू. होसर म्हणाला, हो सर.

परतताना वॉर्डातल्या बेसिनवर हात धुवायला गेलो तर साबण नव्हता. सिस्टर म्हणाल्या, “क्लबच्या खोलीत ठेवलाय सर. समिती तिथे हात धुणार ना.”

९ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे सासऱ्यांना धाप लागली. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. वय एक्याऐंशी. डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया. माझ्याच वॉर्डात, चौदा नंबरच्या खाटेवर, खिडकीशी ठेवले आहे. उठवत नव्हते आणि लघवी मोजणे भाग होते, म्हणून होसरने नळी घातली. निर्णय योग्य. मीही तेच केले असते.

नाना पाणीपुरवठा खात्यात फोरमन होते. निम्म्या शहराच्या नळजोडण्या त्यांच्या हाताखालून गेल्या. दुपारी प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून त्यांनी खाटेखाली लोंबणाऱ्या पिशवीकडे बोट केले.

“जावईबापू, ही जोडणी कुणी केली?”

“आमच्या डॉक्टरांनी. दोन दिवसांची आहे, नाना.”

“तात्पुरती का? मग ठीक. तात्पुरत्या जोडणीवर तारीख लिहून ठेवायची असते. लिहिली का?”

आजारपणातही त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून बरे वाटले.

११ फेब्रुवारी, सोमवार

औषध लागू पडले. ताप गेला, प्राणवायू काढला. नाना उठून बसतात. त्यांना एकच हवे आहे. स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायचे. अंतर अठरा पावले आहे म्हणतात, खाटेवरूनच फरश्या मोजल्या.

“पाय चालेनासे झाले तर मी घरी जाऊन काय करू? लेकीवर ओझं?” म्हणाले. “ही पिशवी काढा, मी चालायला लागतो.”

होसरने त्यांना सांगितले की सरांच्या राउंडला निघेल. बरोबरच सांगितले. वॉर्डाच्या भिंतीवर चौकटीत हुकूम लावला आहे: ‘युनिट प्रमुखांच्या सहीशिवाय लघवीची नळी काढू नये.’ खाली माझी सही. पंधरा वर्षांपूर्वी एका शिकाऊने घाईघाईत नळी काढली, रुग्णाची लघवी अडली, मला रविवारी जेवणावरून उठून यावे लागले. त्या रागात काढलेला हुकूम. तेव्हापासून मोठ्या राउंडला मी सगळ्या सह्या एकदम करतो. आजवर एकदाही गडबड झालेली नाही.

नानांना आम्लपित्ताची गोळीही सुरू केली. त्यांना आम्लपित्त नाही, पण इस्पितळात असली म्हणजे बरी.

१३ फेब्रुवारी, बुधवार

ही शाळेत गणित शिकवते. त्यामुळे घरातले वाद लवकर संपतात आणि निकाल माझ्या विरुद्ध लागतो.

“अहो, बाबांची नळी आजच काढा ना. एक सही तर करायची.”

“घरच्या माणसाला वेगळा न्याय? वॉर्डात नळीवाले आणखी सहा जण आहेत. ते काय म्हणतील?”

“ते म्हणतील, आमचीही काढा.”

मी तिला समजावले की नियम सर्वांना सारखा असला पाहिजे, आणि स्वतःच्या नातलगासाठी नियम वाकवणारा माणूस मी नव्हे. तिने पोळपाट जरा जोरात ठेवला. मनातून तिला माझा अभिमान वाटत असावा.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा क्लब. रंगला. समितीपुढच्या प्रयोगासाठी विषय ठरवायचा होता. प्रश्नचिन्हाने हात वर केला आणि म्हणाली, “लघवीची नळी किती दिवस ठेवावी, हा घेऊ या सर?”

विषय उत्तम आहे. पुरावा भरपूर, जुना आणि एकमुखी. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका रोज वाढत जातो. आकडेबहाद्दर जरा हिरमुसला, म्हणाला, सर, यात फोडण्यासारखं काही नाही. पण समितीपुढे फोडाफोडी कशाला? मी लगेच होकार दिला. मुलीला दृष्टी आहे. हा विषय तिला कुठून सुचला कोण जाणे.

क्लब लांबला, एक वाजला. वॉर्डात जाणे जमले नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर नळीवरचे निबंध वाचले. तेवीस. दिवाणखान्यात कागदच कागद. ही कपडे वाळत घालताना म्हणाली, “काय म्हणतायत तुमचे कागद?”

मी उत्साहाने सांगितले. रोजचा धोका अमुक टक्के, तो दिवसागणिक साठत जातो, आणि आठवड्यानंतर तर विचारूच नका.

तिने क्षणभर चिमटा हातात धरून हिशेब केला. “बाबांचे आठ दिवस झाले.”

“हा सरासरीचा विषय आहे. सरासरीवरून एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही.”

“मग सरासरी कुणाची काढतात? माणसांचीच ना?”

उरलेले कपडे वाळत न घालताच ती इस्पितळात गेली. गणितवाल्यांना संभाव्यतेतले बारकावे कळणे अवघड असते.

२० फेब्रुवारी, बुधवार

नानांना हुडहुडी भरून ताप आला. एकशे तीन. लघवी गढूळ. होसरने तत्परतेने जुनी नळी काढून नवी घातली आणि प्रतिजैविक सुरू केले. (भिंतीवरचा हुकूम नळी काढण्याबद्दल आहे, बदलण्याबद्दल नाही. त्याने नीट वाचला आहे.) वयोमानाने असे होते. दुर्दैव, दुसरे काय.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो. भ्रम झाला आहे. मला ओळखले नाही, हाताखालचा एखादा फिटर समजले. माझे मनगट घट्ट धरून म्हणाले, “काम झालं की पाइप काढून घ्यायचा, पोरा. विसरलास तर आतून सडतो. मग साहेब म्हणतात पाणीच खराब होतं.”

मी “हो नाना” म्हणत राहिलो. भ्रमातले असंबद्ध बोलणे, पण हात सोडवून घ्यावासा वाटला नाही. तीस वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मन लागत नव्हते, तरी रंगीत तालीम घेतली. प्रश्नचिन्ह वीस मिनिटे उशिरा आली.

“कुठे होता आपण?”

“वॉर्डात सर. मोजत होते.”

“काय?”

“नंतर दाखवते.”

तिच्या स्लाइडी चांगल्या झाल्या आहेत. डीनसाहेब येऊन बसले आणि स्लाइडींवर संस्थेचे बोधचिन्ह लहान दिसते असे म्हणाले. चर्चेचा उरलेला वेळ त्यात गेला.

२५ फेब्रुवारी, सोमवार

ताप उतरला. नाना शुद्धीवर आहेत, पण निम्मे झालेत. आज खाटेवरून पाय खाली सोडून पाहिले, गुडघे लटपटले. अठरा पावलांबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारले, काय हवे आहे? म्हणाले, “काही नाही. तुमचं काम होऊ द्या.”

हे ऐकून मात्र मला बरे वाटले नाही.

नळीबद्दल मी ठरवले आहे. समिती गेली की पुढच्या गुरुवारी मोठा राउंड, आणि पहिली सही चौदा नंबरची. नाही, पहिली एक नंबरची, क्रमाने.

२७ फेब्रुवारी, बुधवार

शेवटची तालीम. सगळ्या स्लाइडी झाल्यावर प्रश्नचिन्हाने आणखी एक दाखवली. आमच्याच वॉर्डाची. आज नळीवाले अकरा. त्यांपैकी नऊ जणांच्या केसपेपरवर नळीचे कारणच सापडत नाही. खाली एक ओळ: क्लब सुरू झाला तेव्हा नळ्या चार होत्या.

मी आकडेबहाद्दराकडे पाहिले. तो सरसावला. संख्या फार लहान, तुलनेला दुसरा गट नाही, आणि चाराचे अकरा हा योगायोगही असू शकतो. मला पटले. डोंगरावर धूर दिसतो म्हणून अग्नीचे अनुमान करावे हे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात, पण तो धूरच आहे, धुके नव्हे, हे आधी पाहावे लागते. मी तिला सांगितले की ही स्लाइड प्रकाशित पुराव्यात मोडत नाही, काढून टाका.

“काढू सर?”

“काढा.”

“ही लगेच निघाली,” ती म्हणाली आणि स्लाइड पुसली. होसर खोकला. मुलीच्या बोलण्यात काहीतरी होते. पकडता आले नाही.

जाताना पाहिले तर ती वॉर्डात सिस्टरांच्या टेबलाशी बसून एकेक केसपेपर काढून लिहीत होती. आपल्या विषयात इतके बुडालेले शिकाऊ हल्ली विरळा.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आजचे सविस्तर लिहिले पाहिजे, आणि जसे घडले तसेच.

दहाला सभागृह भरले. युनिटातला प्रत्येक डॉक्टर हजर, डीनसाहेबांची तशी ताकीदच होती. समितीत तिघे. अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या, बारीक अंगाच्या बाई, पायांत साधे कापडी बूट. प्रश्नचिन्ह छान बोलली. शेवटचे वाक्य तर अगदी ठसले. “नळी का आहे हे रोज विचारावं. कारण संपलं की त्याच दिवशी काढावी.”

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, “उत्तम. मग तुमच्या वॉर्डात आज किती जणांना नळी आहे? आणि त्यांतल्या किती जणांना विनाकारण?”

मी डीनसाहेबांकडे पाहिले. ते पंख्याकडे पाहत होते. होसरच्या तोंडून प्रथमच काही निघाले नाही. प्रश्नचिन्ह माझ्याकडे पाहत होती, भुवयांसकट. आकडा तिला माहीत होता, मला माहीत होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “त्यावर आमच्याकडे अभ्यास चालू आहे.”

वाक्य बाहेर पडले आणि पुढची खुर्ची गच्च धरावीशी वाटली. त्या क्षणी मला चौदा नंबर आठवला. वीस दिवस. तेवीस निबंध वाचलेल्या माणसाचा सासरा.

“अभ्यास?” बाई उठल्या. “चला की मग, बघू या.”

वॉर्डापर्यंतचा बोळ मी कसा चाललो ते आठवत नाही. शेजारून डीनसाहेब कुजबुजत होते, “काय ठरवलंय तुम्ही? मला आधी सांगायचं ना.” मला एवढेच दिसत होते की आता प्रत्येक खाटेखाली एकेक पिशवी लोंबत असेल, अकरा पिशव्या, आणि अकरावी माझ्या घरातली.

दार उघडले. मी खाटांखाली पाहिले. एक पिशवी. पलीकडे आणखी एक. बस्स. बाकी जमीन स्वच्छ. अध्यक्षबाई खाटांमधून फिरल्या, दोन्ही नळीवाल्यांचे कागद वाचले, दोन्हींवर कारण नीट लिहिलेले होते.

“क्लबमध्ये बोललेलं वॉर्डात इतक्या लवकर दिसत नाही कधी,” म्हणाल्या. “अभिनंदन. कधी काढल्यात बाकीच्या?”

मोठ्या सिस्टर ट्रे पुसत उभ्या होत्या. “आज सकाळी, बाई. मोठ्या राउंडला.”

“राउंड कुणी घेतला?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “गुरुवार आहे ना. दर गुरुवारी असतो.”

समिती जेवायला गेली. मी मागे राहिलो. सिस्टरांनी नऊ केसपेपर माझ्यापुढे ठेवले. प्रत्येकावर प्रश्नचिन्हाच्या हातचे कालच्या तारखेचे तीन शब्द, ‘कारण नाही. काढावी.’ खाली तिची सही. त्याखाली सिस्टरांच्या अक्षरात आजची वेळ. दहा वाजून पाच, दहा वाजून बारा, दहा वाजून वीस. आणि त्याखाली एक रिकामी ओळ.

“सगळे डॉक्टर सभागृहात होते सर,” सिस्टर म्हणाल्या. “विचारायला कुणी नव्हतं. म्हणून उरकलं.”

“आधीच का नाही सांगितलंत?”

“पाच तारखेला विचारलं होतं. सह्यांचं काय म्हणून.”

धूर माझ्याच कोटाच्या खिशातून येत होता, जिथे सहीचे पेन असते. मोठा राउंड मी बंद केला. सह्या मोठ्या राउंडलाच होत होत्या. पंधरा वर्षे शब्दप्रमाण म्हणून, मोठ्यांनी सांगितले हाच पुरावा मानून, वॉर्डाने माझाच शब्द भिंतीवर टांगून ठेवला होता, आणि मी दोन खोल्यांपलीकडे बसून शब्दप्रमाणावर विश्वास ठेवू नका असे शिकवत होतो.

मी पेन काढले. नऊ सह्या केल्या. नऊ सह्यांना दीड मिनिट लागले, घड्याळात पाहिले.

चौदा नंबरची खाट रिकामी होती. “नाना कुठे?”

सिस्टरांनी हनुवटीने दाखवले. वॉर्डाच्या टोकाशी संडासाचे दार उघडले. आधी हिचा हात दिसला, मग भिंतीला धरलेला नानांचा. शाळेतून रजा काढून आली होती, सिस्टरांनी सकाळीच फोन केला होता म्हणे. मला नाही. नाना एकेक फरशी मोजल्यासारखे येत होते. दोनदा थांबले. मी पुढे झालो तर हिने डोळ्यांनीच जिथे आहात तिथे राहा असे सांगितले. खाटेपाशी पोचल्यावर धापा टाकत टेकले आणि म्हणाले,

“जावईबापू, लाइन सुरू झाली.”

१ मार्च, शुक्रवार

नऊपैकी एकाची लघवी अडली, नळी परत घालावी लागली. प्रश्नचिन्हाने घातली, कारण लिहिले, तारीख लिहिली. आठ जण हिंडताहेत. पंधरा वर्षांपूर्वीही बहुधा असेच असणार, एक अडलेला आणि आठ मोकळे. मी एकाच्या नावाने हुकूम काढला, आठांना विचारले नाही.

चौकट भिंतीवरून उतरवली. मागची भिंत इतकी पांढरी निघाली की तिथे काहीतरी लावले पाहिजे असे होसर म्हणाला. काही लावायचे नाही, असे मी म्हणालो. “हो सर” यायला या वेळी थोडा वेळ लागला. सुधारणा आहे.

४ मार्च, सोमवार

नाना काल घरी आले.

समितीचा अहवालही आला. ‘अत्युत्तम’. शिफारस अशी की हा क्लब आदर्श मानून सर्व विभागांनी दर गुरुवारी याच वेळी भरवावा. डीनसाहेबांनी तातडीने परिपत्रक काढले. शल्यविभागाच्या प्रमुखांनी मला बोळात गाठून सांगितले, “तुमच्यामुळे आमचा गुरुवारचा मोठा राउंड बंद करावा लागला बघा.”

मी तडक डीनसाहेबांकडे गेलो. सगळे सांगितले. नळ्या वाढल्या त्या क्लबमुळे, आणि निघाल्या त्या आम्ही सगळे सभागृहात कोंडलेले होतो म्हणून.

त्यांनी शांतपणे ऐकले. “हे मी रकान्यात कुठे लिहू?”

“कुठेही लिहा. नाहीतर मी समितीला कळवतो.”

“अहो, ‘अत्युत्तम’ मिळालंय!”

“म्हणूनच कळवतो.”

पत्र दुपारीच लिहिले, अध्यक्षबाईंच्या नावाने. माझ्याकडे अभ्यास चालू नव्हता, हेही लिहिले. त्या काय करतील ठाऊक नाही. ‘अत्युत्तम’ काढून घेतीलच.

७ मार्च, गुरुवार

मोठा राउंड घेतला. क्लबही घेतला, त्याच वेळी, चालता चालता, एक नंबरच्या खाटेपासून. निबंध प्रश्नचिन्हाच्या हातात आणि नियम असा की ज्या खाटेपाशी तो लागू नाही तिथे तो वाचायचा नाही. आकडेबहाद्दराला एका आजींनी नाव विचारले आणि उलट आता माझं नाव सांग म्हणाल्या. त्याला सांगता आले नाही. पुढच्या खाटेला त्याने आधी नाव वाचले. मोठ्या सिस्टर ट्रे घेऊन मागे होत्या. मी त्यांना पुढे बोलावले. “बरं,” म्हणाल्या. हे ‘बरं’ निराळे होते.

पुढचा विषय प्रश्नचिन्हाने जाहीर केला. आम्लपित्ताची गोळी, आणि ती वॉर्डात कितीजणांना विनाकारण चालू आहे. मोजून झाले आहे म्हणे. ही डायरी मी उद्यापासून घरीच ठेवीन.

संध्याकाळी नाना गच्चीच्या पायरीपर्यंत जाऊन आले. खुर्चीत बसल्यावर विचारले, “ही नळी दोन दिवसांत काढावी, हे तुम्हा लोकांना कळून किती वर्षं झाली?”

ही भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“पुष्कळ झाली, नाना. मी शिकत होतो तेव्हापासूनच.”

“मग इतकी वर्षं करत काय होतात?”

हा पूर्वपक्ष मला याहून नीट मांडता आला नसता.

“वाचत होतो,” मी म्हणालो.